पितळेचे वेढे

बोर्निओतल्या बिदायू आदिवासींच्या एका गावात आम्हा पाहुण्यांसाठी समारंभ होता. पहिल्या रांगेत एक आजी बसवल्या होत्या. अंगावर लाल काठाचं काळं वस्त्र, पोटऱ्यांवर पितळी तारेचे घट्ट वेढे. मंचावरचे प्रमुख पाहुणे परंपरा अमर असल्याचं सांगत होते. अमरत्वाचा विषय, वेळ लागायचाच.

आजी शेजारच्या नातीच्या कानाशी लागल्या. नात मला हसून म्हणाली, "आजी विचारतेय, हा माणूस दमत कसा नाही? तिचे पाय ठणकताहेत."

वेढ्यांच्या वर गुडघे सुजले होते.

"काढत का नाहीत?"

"डॉक्टरही तेच म्हणतात. पण वेढे चढवणारी तिची मैत्रीण गेली. एकदा काढले की परत घालणारं कोणी नाही."

नातीच्या पायांत सोनेरी प्लॅस्टिकचे वेढे होते, मागे चिकटपट्टी. आमच्याकडेही आता नऊवारी शिवून मिळते. वस्तू काचेच्या कपाटात कितीही वर्षं टिकते. ती अंगावर चढवणारे हात मात्र माणसाबरोबर जातात, आणि त्यांच्यासाठी कोणी सभा भरवत नाही.

टाळ्या झाल्या. फोटोवाला वाकून म्हणाला, "आजी, पाय जरा पुढे घ्या."

आजींनी दोन्ही हातांनी उचलून एकेक पाय पुढे ठेवला.