पुलाच्या अलीकडे संपलेली पदयात्रा

कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी निघालेल्या त्या पदयात्रेत मी स्वेच्छेने गेलो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मला नेले ते माझ्या थोरल्या बहिणीने. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ती उमरेडहून मनीषनगरला आमच्याकडे राहायला आली होती. उपचार संपले, तपासण्या समाधानकारक निघाल्या, केसही पुन्हा दाट आले. तरी तिला एकटीने उमरेडच्या घरी राहू देण्यास मी तयार नव्हतो. माझ्या काळजीला वैद्यकीय आधार कोणताच नव्हता, पण ती चिवट होती. अखेर ताईनेच तोडगा काढला.

"त्या पदयात्रेत पुलावरून पलीकडच्या मैदानापर्यंत चालून दाखवतो तुले. मधात कुठं बसली, तर इथंच राहीन. नाही बसली, तर उमरेडच्या बसमध्ये बसवून द्यायचं. कबूल?"

मी कबूल केले. उड्डाणपुलाच्या चढावर माझा भरवसा होता.

पदयात्रा सूर्योदयाला निघायची होती. प्रमुख पाहुण्यांचा सूर्य त्या दिवशी बराच उशिरा उगवला. तोवर देणगीदारांची भाषणे झाली. मंचावर पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांच्यासाठी मात्र एकही नव्हती. न बसण्याची अट पाळण्यात आयोजकांनी ताईला असे मोलाचे साहाय्य केले.

मग कर्करोगावर मात केलेल्या योद्ध्यांचा सत्कार पुकारण्यात आला. एका उत्साही स्वयंसेविकेने गर्दीवर नजर फिरवली आणि ती थेट माझ्याकडे आली. माझ्या डोक्यावरचे केस तरुणपणीच, कोणत्याही औषधाविना गेले आहेत.

"काका, लाजू नका न. तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे हे सगळं."

"अहो, मी नव्हे, या माझ्या—" एवढेच मी बोलू शकलो. चारचौघांत माझे वाक्य क्रियापदापर्यंत क्वचितच पोहोचते. मंचावर नेऊन उभे केल्यावर खांद्यांवर शाल आली, हाती श्रीफळ आले, आणि माझ्या असीम धैर्याबद्दल टाळ्या पडल्या. खाली उभी राहिलेली ताई पदराने डोळे टिपत होती. जवळच्या बायकांना तो गहिवर वाटला. ते हसू होते.

"काहून लाजून राहिला गा?" मी परतल्यावर ती म्हणाली. "बिमारी माही, नारळ तुले. घरचाच माणूस आहे, चालते."

त्यानंतर तंबाखूमुक्तीची शपथ झाली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा हा आमच्या शहराचा पहिला नाश्ता, पोहे त्यानंतरचे. शपथ देणाऱ्या गृहस्थांचा डावा गाल भरलेला होता. आतले काही बाहेर सांडू नये म्हणून हनुवटी वर करून त्यांनी 'तंबाखू' हा शब्द अत्यंत जपून उच्चारला. समोरच्या अनेकांनीही तोंडातला ऐवज एका बाजूस सारून उजवा हात पुढे धरला. एवढ्या शिस्तीत दिलेली शपथ मी दुसरी पाहिलेली नाही.

अखेर आम्ही निघालो. फलक पुढे, फलकापुढे छायाचित्रकार. त्यामुळे चालण्यापेक्षा थांबणेच अधिक घडले. पुलाच्या पायथ्याशी तर्रीपोह्यांचा वास आला आणि यात्रेचे ध्येय एकाएकी सर्वांना स्पष्ट झाले. फलकाची घडी झाली. ऊन वाढल्यामुळे पदयात्रा येथेच यशस्वीरीत्या संपन्न होत असल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, आणि 'संपूर्ण अंतर पार केल्याबद्दल' प्रमाणपत्रे वाटली गेली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. "चल ताई, रिक्षा बघतो. सगळ्यांचीच यात्रा इथे संपली; मग अटीचा प्रश्नच उरत नाही."

"सगळ्यांची संपली असंल. पूल तर तिकडंच आहे न अजून," ती म्हणाली आणि चढाला लागली.

प्लेटा हाती घेतलेल्या त्या समुदायातून कोणीही वर पाहिले नाही. मी शाल आणि नारळ सांभाळीत तिच्या मागे निघालो. चढाच्या मध्यावर ती थांबली. मान्य करतो, त्या क्षणी मला बरे वाटले. आता ती कठड्याशी बसेल आणि माझी काळजी खरी ठरेल, असा तो आनंद होता. पण ती माझ्यासाठी थांबली होती. मी धापा टाकीत तिच्यापर्यंत पोहोचलो आणि कठड्याला टेकून खाली बसलो.

"नशीब, अट तुह्यासाठी नव्हती," ती म्हणाली. "दम खाय. मी उभी आहे."

पलीकडच्या मैदानात आयोजकांनी आखलेली चुन्याची रेषा एकाही पावलाने पुसट झालेली नव्हती. रेषेपल्याड एक गाय निवांत रवंथ करीत होती. ताईने रेषा ओलांडली, चप्पल झटकली आणि विचारले, "उमरेडची बस किती वाजता?"

दुपारी मी तिला बसमध्ये बसवून दिले. शाल तिने माझ्याकडून मागून घेतली, घडी करून पिशवीत ठेवली. नारळ देऊ केला, तर खिडकीतून परत केला.

"तो फोडून तूच खाय," ती म्हणाली. "अशक्तपणा आला आहे तुले. एकटं नको राहत जाऊ."