मनकर्णाबाईची चॉकी

साखरा गावच्या मनकर्णाबाईकडे अकरा घरांची रेशीमकिड्यांची अंडी यायची. ती फुटली की अळ्यांना तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालायचा, दहा दिवस जपायचं आणि मग ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या. या कामाला चॉकी म्हणतात. नऊ वर्षांत तिची एकही खेप वाया गेली नव्हती.

यंदा भाद्रपदातल्या खेपेच्या अंड्यांवर आठव्या दिवशी निळसर ठिपका दिसला. अळीचं डोकं तयार झाल्याची ती खूण. दोन दिवसांत फुटतील म्हणून मनकर्णाबाईने पाला आणून ठेवला. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. अळी निघाली नाही. बाराव्या दिवशी तिने सुईने एक अंडं फोडलं. आत अळी होती, गुंडाळलेली, मेलेली.

रेशीम कार्यालयातले साहेब आले. त्यांनी अंड्यांचे ट्रे पाहिले, मग ओलाव्यासाठी वर घातलेला कपडा हातात घेऊन हुंगला.

"हा कुठला?"

"जुन्या लुगड्याचा हाय. धुऊनच घातला, सायेब."

तिचा नवरा वैजनाथ दारातच उभा होता. तो हळूच म्हणाला, "कपाशीवर पांढऱ्या माशीचं औषध मारताना पंपाखाली पाठीला बांधला व्हता मी. पंप गळत व्हता."

साहेबांनी कपडा बाजूला ठेवला. "बाई, अंड्यात किडा घडताना त्याच्या अंगात एक रस ठरल्या दिवशी वाढतो आणि ठरल्या दिवशी ओसरतो. तो ओसरला तरच पुढची घडण होते. हे औषध त्या रसासारखंच वागतं, आणि ओसरत नाही. एका धुण्यात जातही नाही."

"म्हंजी आतल्या आत ऱ्हायले?"

"नक्की तपासल्यावर कळेल. पण तसंच दिसतंय."

"मंग मला वास काहून न्हाई आला?"

साहेबांनी तपासणीसाठी थोडी अंडी डबीत घेतली. ते गेल्यावर वैजनाथ म्हणाला, "माजं चुकलं. सांगायला पायजे व्हतं."

"ट्रेवर घातला तर मीच," ती म्हणाली.

अंडी चिकटलेले कागद तिने एकटीनेच शेताच्या बांधावर जाळले. अकरा घरांची तुती तोडणीवाचून जून झाली. लोकांनी ती शेळ्यांना घातली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पुढची खेप वारंगा फाट्याकडच्या चॉकीवाल्याकडे गेली. साहेबांनी नंतर थोडी नवी अंडी देऊ केली, नवा कपडाही आणला. मनकर्णाबाईने ट्रेला हात लावला आणि काढून घेतला.

"न्हाई व्हायचं, सायेब."

चॉकीच्या खोलीत आता सोयाबीनची पोती आहेत. पोती काढायला वैजनाथच आत जातो, ती जात नाही.