लेन चारवरची नागपूर

गोळीबार थांबून रेंज मोकळी झाली की नेमाची कार्डं आणायला आम्ही पुढे चालत जायचो, तेव्हा नागपूर कार्डावरच्या दहा वर्तुळांत एकेक मारलेले आपले दहाही शॉट सांगत चालायची. "पहिला दहा. दुसरा दहा. तिसरा नऊ, जरासा उजवीकडे. चौथा दहा, पण काठावरचा." तिनं अजून कार्ड पाहिलेलं नसायचं. रायफल क्लबात एकच दुर्बीण होती आणि तिच्यासाठी बाकीच्यांची ओढाताण चालायची, पण हिनं तिला कधी डोळा लावला नाही. पंचवीस यार्डांवर काळ्या वर्तुळात पडलेलं भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरी कार्ड हातात आलं की तिसरा नऊ असायचा आणि तो उजवीकडेच असायचा. मी माझं कार्ड काढायचे आणि माझं काय झालं ते मला तिथे कळायचं.

तिचं खरं नाव इथे लिहून उपयोग नाही, कारण त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. ती नागपूरची म्हणून मी तिला नागपूर म्हणायचे, ती मला पुणे. दोघींचे नवरे इंग्लंडातल्या रीडिंग गावी सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले होते. मी पुण्यातल्या एका दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून आले होते, ती शाळेतली पीटीच्या बाईंची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. रायफल क्लबची जाहिरात लायब्ररीच्या बोर्डावर मी पाहिली होती आणि क्लबात तिला मी घेऊन गेले. हे मुद्दाम नोंदवते, कारण नंतर क्लबात सगळे ही हकीकत उलटी सांगायचे.

कॉलेजात एनसीसीमध्ये तिनं रायफल धरली होती. मी प्रथमच धरत होते. मी नेमबाजीचं खास जाकीट विकत घेतलं, जाड कॅनव्हासचं, कोपरांना चामडं लावलेलं. नागपूरनं नवऱ्याच्या जुन्या रेनकोटाच्या कोपरांवर बाथरूममधल्या रबरी मॅटचे तुकडे शिवले आणि तो घालून ती लेन चारवर पालथी पडली. मी पाचवर. क्लबाचा कॅप्टन डेरेक, निवृत्त शाळामास्तर, तिच्या कोपरांकडे बघून म्हणाला, "डिड यू मेक दॅट युअरसेल्फ? मार्व्हलस." माझ्या जाकिटाबद्दल कोणी काही बोललं नाही. ते उत्तम जाकीट होतं.

इंग्लंडात खाजगी पिस्तुलांवर बंदी येऊन काही वर्षं झाली होती. क्लबातले म्हातारे अजून त्याबद्दल बोलत, आणि आज पिस्तूल गेलं, उद्या रायफल जाईल अशी धास्ती त्यांना होती. कायद्यात काय बदलतंय, संसदेत कोण काय म्हणालं, हे मी दर महिन्याला एका पानावर लिहून नोटीसबोर्डावर लावायचे. सगळी माहिती तपासलेली असायची. नागपूर तिथे उभी राहून चहा प्यायची आणि विचारायची, "हे कोणी वाचते का गं, पुणे?"

"डेरेक वाचतो."

"तो चष्मा आणत नाही इकडे. मी विचारलं त्याला."

याच पानासाठी मी डेरेकला त्याच्या पिस्तुलांबद्दल विचारलं होतं. बंदीनंतर त्यानं स्वतः नेऊन ती पोलिसांकडे दिली होती, एवढं मला ठाऊक होतं. तो म्हणाला, "नॉट फॉर प्रिंट, माय डिअर," आणि विषय संपला. पुढच्याच गुरुवारी नागपूरनं मला गाडीत सगळं सांगितलं. कोणती पिस्तुलं, त्यातलं वडिलांचं कोणतं, पोलिस स्टेशनच्या काउंटरवर ती ठेवताना त्यानं काय केलं, घरी गेल्यावर बायको काय म्हणाली. मी विचारलं, "तू त्याला काय विचारलंस?" ती म्हणाली, "काहीच नाही. शंकरपाळे देऊन राहिली होती, तर रडला बिचारा."

इंग्लंडात स्वतःची रायफल घ्यायची तर आधी क्लबात उमेदवारी करावी लागते. मग ओळखीच्या दोघांनी तुमच्याबद्दल लिहून द्यायचं, आणि पोलिसांचा माणूस घरी येऊन रायफल ठेवायचं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवलंय का ते पाहून जातो. आम्ही दोघींनी एकदमच अर्ज केले. लिहून द्यायला माणसं मिळवताना मला एक नकार ऐकावा लागला. तिच्यासाठी कोणी लिहायचं यावरून शेजारच्या दोन बायकांत रुसवेफुगवे झाले. माझ्याकडे आलेल्या अधिकाऱ्यानं कपाट हलवून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि तो गेला. कायदा मला पाठ होता, पण त्यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. तोच माणूस तिच्याकडे चिवडा खात बसला आणि कपाट कुठे बसवावं हे तिला कळत नव्हतं म्हणून भिंत ठोकून भरीव कुठे आहे ते त्यानंच शोधून दिलं.

"उपाशी होता ना बाप्पा," ती म्हणाली. "तू काय दिलं त्याला?"

मी त्याला कागदपत्रं दिली होती.

एव्हाना माझा नेम वाईट राहिला नव्हता. मी नियमानं जायचे, घरी रिकाम्या रायफलीवर सराव करायचे, आणि पुष्कळ कार्डांवर आमच्या दोघींत एखाद्या गुणाचाच फरक असायचा. तो एक गुण मात्र तिच्याकडे असायचा. हरल्यावर मला तिचं बोलणं ऐकवत नसे आणि ती तर पुष्कळ बोलायची. "रायफल नाही हलत, पुणे, आपण हलतो. तू विचार करून राहिली होती. दिसलं मला." मी विचार करत होते हे खरं असायचं. मी तिचाच विचार करत असायचे.

मग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, महिला संघात एक जागा रिकामी झाली आणि आमच्या क्लबातून एकीला पाठवायचं ठरलं. नागपूर आणि मी, दोघींतच निवड होती. ती जागा मला किती हवी होती ते मी कोणाला सांगितलं नाही. नागपूरनं सगळ्यांना सांगितलं. मंडळात, शेजारीपाजारी, भाजीच्या दुकानात.

शेवटच्या कार्डापर्यंत आमची बरोबरी होती. त्या कार्डावर सातव्या शॉटला तिची गोळी उडाली नाही. नियमाप्रमाणे ती थांबली, रायफल मोकळी केली, सावरून पुन्हा पालथी झाली आणि झोपताना थोडी तिरकी झोपली. सातवा शॉट तिनं शेजारच्या कार्डावर मारला. शेजारचं कार्ड माझं होतं. तिनं तिथल्या तिथे हात वर करून डेरेकला सांगितलं. बाहेरच्या स्पर्धेत असा शॉट बाद धरतात, पण ही क्लबातली निवड होती. डेरेकनं तिचे दोन गुण कापून शॉट धरायचं ठरवलं.

कार्डं आली. माझ्या सातव्या वर्तुळात दोन भोकं होती. एक दहा, अगदी मधोमध. दुसरा नऊ, खाली. डेरेकनं बेरीज केली. दहा तिचा धरला तर ती एका गुणानं पुढे, दहा माझा धरला तर मी एका गुणानं पुढे. त्यानं कार्ड आमच्यापुढे सरकवलं. "वेल, लेडीज? विच इज हूज?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

नागपूरनं कार्डाकडे एकदाच पाहिलं. "द नाइन इज माइन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दहा तुझा आहे, पुणे."

जागा मला मिळाली. त्या दिवशी सगळ्यांनी पाठ थोपटली ती तिची. डेरेकनं तिला चहा करून दिला. नंतरही कितीतरी गुरुवार तिच्या नवाची गोष्ट क्लबात फिरत राहिली. दहाची नाही. शॉट भरकटल्याचं तिनं सांगितलं नसतं तरी जास्तीचं भोक सापडलंच असतं, हे मी दोनतीनदा लक्षात आणून दिलं. डेरेक म्हणाला, "क्वाइट सो," आणि नव्या सभासदाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगू लागला.

त्या दिवशी घरी नेहमीप्रमाणे तिच्या गाडीतून आलो.   वाटेत मी विचारलं, "खरं सांग. दहा तुझाच होता ना?"

तिनं गाडी पेट्रोल स्टेशनच्या कोपऱ्यात घातली आणि इंजिन बंद केलं.

"तू काय म्हणून राहिली, समजते का तुला? मी तुला पॉइंट दिला? काहून देईन? ती जागा म्हणजे काय हळदीकुंकवाचं वाण आहे, पदरात टाकायला? मला जायचं होतं त्या टीममध्ये, माय. आईला फोन करून सांगून बसली मी." तिनं रेनकोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "नऊ होता तो. हात सुटला माझा. दहा असता ना, तर भांडून घेतला असता तुझ्याकडून."

मी सॉरी म्हटलं. ती बराच वेळ रडली, मोकळेपणानं, काच खाली करून. मग गाडी सुरू केली. माझ्या दारापाशी मी उतरले तेव्हा म्हणाली, "चांगला होता तुझा दहा. मधोमध. त्या वेळी मला नसता आला तसा मारता."

तोवर मला तिच्या नेमाचा हेवा वाटत असे. आता त्या रडण्याचा वाटू लागला. गमावलेली जागा तिची जेवढी होती, तेवढी मिळालेली जागा माझी कधी झाली नाही.

संघातला माझा पहिला सामना बेसिंगस्टोकला होता. ती डबा घेऊन आली आणि माझी मॅट तिनं उचलली. मी बऱ्यापैकी मारलं. परतताना समोरच्या संघातल्या बायका तिला मिठ्या मारत होत्या आणि पुऱ्या कशा करायच्या ते विचारत होत्या. माझं नाव त्यांनी यादीत बघून वाचलं.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं. निघण्याआधी मी तिची रायफल विकत मागितली. "तुला तुझी आहे ना," ती म्हणाली. "ही क्लबात राहू दे. नवीन कोणी येईल त्याला." विमानतळावर सोडायला क्लबातले तिघे आले होते, डेरेक टाय लावून. मला तिच्याशी नीट बोलता आलं नाही. लेन चार मी मागून घेतली. माझे गुण त्यामुळे वाढले नाहीत.

काही वर्षांनी तिचा फोन आला. नागपुरात एका शाळेच्या हॉलमध्ये ती मुलींना एअर रायफल शिकवत होती. मागे बराच गलका होता.

"पुणे, तुझं नाव घेते मी इथे रोज."

"कशासाठी?"

"एक बाई होती, ट्रिगर दाबताना डोळे मिटायची, तरी काउंटीच्या टीममध्ये गेली, असं सांगते. पोरी हसतात."

"मी डोळे मिटत नव्हते."

"मिटत होती ना बाप्पा. मी शेजारी होती, मला दिसायचं. म्हटलं नाही कधी. तू घाबरली असती, मग तेवढंही नसतं लागलं."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, या ना! टार्गेट लावलं!"

"थांब गं, पुण्याशी बोलून राहिली मी," ती तिकडे म्हणाली. मग माझ्याशी, घाईनं, "चल, ठेवते. वाट पाहून राहिल्या पोरी."

त्या मुली कोण, कशा मारतात, मला काही माहीत नाही. त्यातली एखादी रोज तिच्या शेजारी उभी राहत असणार. फोन ठेवला तेव्हा मला त्या मुलीचा हेवा वाटला.