आधी विचारणारे पास्टर

उदगीरला आमच्या समोर राहणारे पास्टर वर्षातून एकदा जिनिव्हाला जातात. श्रद्धेपायी तुरुंगात पडलेली माणसं सोडवा, मग ती कुठल्याही धर्माची असोत, असं तिथं संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला आलेल्या देशोदेशीच्या राजदूतांना सांगतात. अंगात कोट असतो तो माझ्या लग्नातला. माझ्यापेक्षा त्यानंच जग जास्त पाहिलंय.

बोलणं संपलं की ते राजदूताला विचारतात, "साहेब, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" विचारल्याबिगर ओठ हलवत नाहीत. "जबरदस्तीची प्रार्थना वर पोचत न्हाई," म्हणतात. गल्लीतही तेच. गॅसवाल्याला विचारतात, गुडघे धरून बसलेल्या माझ्या आईला विचारतात. आई म्हणते, "कर बाबा, पण चहा निवायच्या आत उरक."

गेल्या महिन्यात कुणीतरी तक्रार केली आणि फौजदार त्यांच्या दारात आले. "रविवारी घरात गाणी-प्रार्थना चालतात म्हणं. आवाज बाहेर आला तर बंद करावं लागंल."

मी आमच्या ओट्यावर उभा होतो. पास्टर म्हणाले, "हाव साहेब." पाणी दिलं. आणि सवयीनं विचारून बसले, "साहेब, तुमच्यासाठी करू का?"

मी डोळेच मिटले. गेले आता आत! यांच्यासाठी जिनिव्हात कोण बोलणार? आणि माझा कोट?

डोळे उघडले तर फौजदार गल्लीत दोन्हीकडं बघत होते. मग त्यांनी टोपी काढली.

"पोरगी लातूरला नीटची तयारी करायलीय," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं करा."