प्रतापला आई कचरू का म्हणती

ग्रुपातल्या शहाण्यांनो, सकाळपासून काय हुज्जत लावलीय? मालिकेतल्या प्रतापला आई 'कचरू' म्हणती. म्हणून एक म्हणतो, तो कचऱ्यात सापडला. दुसरा म्हणतो, आईला तो नकोसा होता.

अरे, आधीची लेकरं जगली नाय की नवं लेकरू उकिरड्यावर ठेवून उचलायचे, अन् कचरू म्हणायचे. असल्या नावाकडं मरण बघत नाय म्हणून! आमच्या फुलंब्रीकडं लई कचरू होते.

हे ग्रुपवर लिहिलं, तर एक पोरगी म्हणती, "आजोबा, पुरावा काय? कुठली आई असं म्हणंल?"

माझी आई म्हणायची, बाई. माझ्या आधीची तिघं गेली होती तिची. मी ऐंशीला टेकलो, अजून जिता हाय. दुसरा कुठला पुरावा पाहिजे तुम्हाला?