आधी दार लावा

“दो बच्चे हैं, बच्चेदानी निकल चुकी है. अब ये सब किसलिए चाहिए?”

डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. त्यांच्या खुर्चीमागं शिकाऊ डॉक्टर पोरंपोरी उभी. त्यातला एक हसला, आणि हसू दाबायला खोकला. दारातून पुढच्या नंबरच्या बाया डोकावत होत्या. माझ्या शेजारी आमच्या ताई. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंकडं बघून म्हणाल्या, “सॉरी हां मॅम. गाँव की है, समझती नहीं.”

मला समजत होतं. सगळं. हिंदी मी इथल्या मंडीत भाजी घेता घेता शिकले.

ताई म्हणजे मी ज्यांच्याकडं स्वयंपाक करते त्या. आमच्याच जिल्ह्यातल्या. त्याच दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर. साहेब, म्हणजे त्यांचे मालक, सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. बदली इकडं पंजाब-हरियाणाकडं झाली तेव्हा भाकरी थापणारं माणूस गावाकडचंच हवं म्हणून आम्हाला सोबत आणलं. आमच्या ह्यांना साहेबांनी सेक्टर तीसमध्ये गेटवर राखणीला चिकटवलं. पोरांना शाळेत घातलं. पहिल्या थंडीत आम्ही कुडकुडत होतो, तर ताईंनी कपाटातली रजई काढून दिली. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं कोण करतं. म्हणून तर मी त्यांना सांगायला धजले.

सांगितलं ते एवढंच. धाकटा झाल्यावर माझ्या अंगावरून पांढरं जायचं. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. काढली. घरी सोडताना म्हणाला, जड उचलू नको. बस. नवऱ्याजवळ गेल्यावर काय होईल, ते कुणी बोललं नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही. आग होते. आतून सोलल्यासारखं. मी दात आवळून पडते. ह्यांना ते कळतं. त्यांनी अंथरूण पोरांच्या पलीकडं नेलं. एकदा ड्यूटीवर निघताना शर्टाची बटणं लावत म्हणाले, “तुझं मन उडालंय माझ्यावरनं.”

मन उडालं नव्हतं. पण ‘दुखतं’ म्हणायचं कसं? आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ताईंना पोळ्या लाटता लाटता सांगितलं. त्यांनी आधी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, “बरं. आमच्या दवाखान्यात माझ्या ओळखीच्या मॅडम आहेत. रांगेत नको उभी राहूस, मी नेते.”

इथं आपल्या माणसांत हीच रीत. ओळखीनं आत जायचं. मला तर भारी वाटलं होतं. बाहेर पंजाब-हरियाणातून आलेल्या बाया पहाटेपासून बसलेल्या, आणि मी सरळ आत. पण ओळखीनं आत गेलं की तुम्ही पेशंट राहत नाही. कुणाच्या तरी घरची बाई होता. डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलंच नाही. ताईंनाच विचारलं, “क्या तकलीफ है इसको?”

ताई हळूच म्हणाल्या, “पेट में दर्द रहता है, मॅम.”

पोटात? मी पोटाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण ताई बोलल्या, त्यावर मी कशी बोलू? पोटाची तपासणी झाली. सोनोग्राफी झाली. गॅसच्या गोळ्या मिळाल्या. इमानदारीनं खाल्ल्या. आग होती तिथंच.

दुसऱ्यांदा गेलो तर ताईंचं परत तेच, पेट में. तेव्हा मीच तोंड उघडलं. “पेट में नहीं जी. आदमी के पास जाने पर.”

त्यावर ते वाक्य आलं. अब ये सब किसलिए चाहिए.

घरी आल्यावर ताई पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “अगं, असलं तिथं बोलतात का? मला रोज तोंड दाखवायचं असतं त्यांना.”

“चुकलं ताई,” मी म्हणाले. सवयीनं. आणि कणीक मळायला घेतली.

मळता मळता ते ‘चुकलं’ परत परत आठवत राहिलं. काय चुकलं माझं? ह्याच ताई लेकरं तपासतात. आयांना विचारतात, शी कशी झाली, पातळ का घट्ट, रंग कसा. फोनवर, जेवताना, न लाजता. शीची लाज नाही. मग माझ्या अंगाची कशी? आणि दोन पोरं झाली, पिशवी गेली, म्हणजे मी संपले का? नवरा-बायकोचं जे असतं ते काय फक्त पोरांसाठी असतं? मी काय निकामी झालेलं भांडं आहे?

कणीक पार घट्ट झाली. ताई त्या दिवशी म्हणाल्याच, पोळ्या आज चिवट झाल्यात.

पुढच्या वेळी ताईंना न सांगता गेले. एकटी. आधी केसपेपरच्या रांगेत बसले, तिथं सगळ्या दुखण्यांची एकच रांग. शेजारच्या सरदारणीनं स्वतःच्या डब्यातला पराठा दिला, विचारलं, “की होया, पुत्त?” काय झालं, बाळा? मी तिला सांगितलं. जसं आहे तसं. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “मैनूं वी.” मलाही. आणि ती आली होती गुडघा दाखवायला.

माझा नंबर आला. त्याच डॉक्टरीणबाई. “किसके साथ आई हो?”

“अकेली. पहले दरवाज़ा बंद करवाइए जी.”

त्यांनी मान वर केली. मी खुर्ची धरून उभी राहिले. एका शिकाऊ पोरीनं जाऊन दार लावलं. मग मी सगळं तसंच बोलले, जसं रांगेत बोलले होते. कुठं, कसं, कधीपासून. या वेळी कुणी खोकलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरकडं बघत एक मलम लिहिलं. “बाहर सिस्टर समझा देगी. नेक्स्ट.”

बाहेर सिस्टर सगळ्या रांगेसमोर मोठ्यानं सुरू झाली, “ये नीचे लगाना है...” तिला मी तिथंच थांबवलं. “यहाँ नहीं. अंदर.” ती चिडली. म्हणाली, आत्ता भीड आहे, आठवड्यानं ये.

मलमाची ट्यूब तशीच आहे. कशी वापरायची, मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ह्यांना मात्र मी सांगितलं, “मन उडालेलं नाही. दुखतं.” ते जेवता जेवता थांबले. अंथरूण अजून पलीकडंच आहे.

मी एकटी गेले ते ताईंना कळलं. रुसल्यात. रजईची आठवण करून दिली नाही, पण ती त्यांच्या बोलण्यात असते. ताईंचे उपकार खरे आहेत. त्यांच्या भाकरी मी थापीनच, मन लावून. पण माझं दुखणं आता त्यांच्या तोंडानं बोलणार नाही.

मी थकलेय. तरी आठवडा झाला की जाणार आहे. रांगेनं. आत गेल्यावर दार लावायला सांगणार. आणि सगळं समजेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. नेक्स्ट म्हणाल्या तरी.