एका जादा डॉलरने अडवलेले आकाशकंदील

ज्यांनी देशोदेशीची बंदरे पाहिली, त्यांनी प्रवासवर्णने लिहावीत. रीडिंगहून जेमतेम बर्मिंगहॅमपर्यंत गेलेल्या माझ्यासारखीने लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण इथली बरीच मराठी मंडळी चीनमधून माल मागवण्याच्या विचारात आहेत, म्हणून मौन सोडते.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ऑफिसात बर्मिंगहॅमच्या मावशीचा फोन आला.

"मंजिरी, उद्या रजा टाक आणि आजच ये. माझे पैसे हरवलेत गं."

मावशीने नर्सची नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेतून दिवाळीसाठी आकाशकंदील मागवले होते, तेही चीनहून. आपले आकाशकंदील तिकडे तयार होतात, हा माझा पहिला धक्का. काही मराठी मंडळांनी तिच्याकडे मागणी नोंदवली होती. आगाऊ रक्कम कारखान्याला पोचली होती. उरलेले सहा हजार डॉलर मात्र तिच्या खात्यातून निघाले आणि पुढे कुठेच उमटले नाहीत. पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय कारखाना माल सोडत नाही. ऑक्टोबरच्या आरंभी चीनमध्ये आठवडाभर सुटी. त्याआधी कंदील जहाजावर चढले नाहीत, तर ते दिवाळी उलटल्यावर येणार. मग ते घेणार कोण?

रीडिंगहून बर्मिंगहॅमला थेट गाडी आहे. दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. तिकीट आगाऊ काढावे, आयत्या वेळी ते फार महाग पडते. ऑक्सफर्ड मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली पिवळी शेते लागली. मांडीवर पुस्तक उघडे होते; पान एकही उलटले नाही. स्टेशनबाहेर बस घेतली. तिथल्या बसमध्ये सुटे पैसे परत देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. मी पेटीत दोन पौंड टाकले आणि हात पुढे करून उभी राहिले.

"नो चेंज, लव्ह," ड्रायव्हर म्हणाला. मागची रांग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मावशीने थालीपीठ वाढले, पण स्वतः एक घासही खाल्ला नाही. मी सगळी पत्रे वाचली. इथली बँक लिहीत होती, 'रक्कम पाठवली आहे.' कारखान्याच्या मिस लिन लिहीत होत्या, 'डिअर, रक्कम मिळाली नाही.' दोघेही खरे बोलत होते, याचेच मला भय वाटले.

सकाळी आठला, म्हणजे तिकडच्या दुपारी, मी धीर एकवटून फोन लावला. "पैसे जमा झाले का, असे नका विचारू," मी मिस लिनना विनवले. "तुमच्या बँकेत ते थांबून राहिले आहेत का, एवढेच विचारा."

अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. "डिअर, थांबले आहेत. बिल सहा हजारांचे आणि आले सहा हजार एक. एक डॉलर कशाचा, हे बँकेला कागदावर हवे. त्याशिवाय जमा करणार नाहीत."

मी मावशीकडे पाहिले. ती पदराशी चाळा करू लागली.

"शुभकार्याला शून्यावर संपणारी रक्कम कशी द्यायची?" ती पुटपुटली. "आपण आहेर नाही का एकशे एकाचा करत?"

"घ्या!" मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणाले. "एक डॉलरचा शकुन आणि सहा हजारांचा अपशकुन!"

"तुम्ही गप्प बसा हो."

पैसे कमी पडले म्हणून माल अडतो, हे ऐकून होते. त्यासाठीच मावशीने मधल्या बँकांचे शुल्कही स्वतः भरले होते. (तुम्हीही भरा.) पण जास्त दिले म्हणून अडावे? आदल्या दिवशीच्या बसच्या पेटीने तर माझे जादा पैसे निमूट गिळले होते!

आम्ही इथल्या शाखेत गेलो. रक्कम परत मागवायला कित्येक आठवडे लागतील, खात्री नाही, शुल्क मात्र लागेल, असे खिडकीतल्या बाईंनी गोड हसून सांगितले.

बाहेर फुटपाथवर येऊन मी पुन्हा मिस लिनना फोन केला आणि त्या डॉलरचा अर्थ समजावला. पलीकडून खळखळून हसू आले.

"डिअर, माझी आईसुद्धा अशीच आहे. आकडा शुभ हवा! असे करते, बिलात एक ओळ वाढवते: आणखी एक कंदील, किंमत एक डॉलर. कारखान्याचा लाल शिक्का मारून आजच बँकेत देते. पण कंदील खरंच पाठवीन हं, खोटं बिल नाही."

सोमवारी रक्कम जमा झाली आणि सुटीच्या आधी जहाज सुटले. खोकी ऑक्टोबर संपताना मावशीच्या दारात आली आणि मंडळांचे कंदील वेळेत गेले.

मी रीडिंगला परतले तरी धक्का ओसरलेला नाही. परक्या देशात आपला सद्भावही बिलात लिहावा लागतो, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. मावशीने पुढच्या मागणीची आगाऊ रक्कम परवा पाठवली, अगदी बिलाबरहुकूम. आणि मग, काका सांगतात, चोरून एक पौंड देवापुढे ठेवला.

वाढीव ओळीतला तो कंदील तिने मला पाठवला आहे. षट्कोनी नाही, लाल, गोल, त्यांच्याकडचा. आज लक्ष्मीपूजन, म्हणून आत्ता खिडकीत लावला. खालून जाणारी शेजारीण थांबून वर पाहते आहे.

पाठवले: शुक्रवार, ९ नोव्हेंबर २००७, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.